निळं सिरम

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आनंदी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यातल्या इवल्या कुप्या एकेक करून उघडत होती आणि त्यांतलं निळं सिरम मोठ्या बाटलीत परत ओतत होती. तसा हुकूम देऊन डॉक्टरसाहेब दारात उभे होते.

"रक्ताचा गट याच्यानंच कळते, साहेब. थोडं थोडं गोठवून ठेवलं त टिकते. लागली तशी एकेक कुपी काढायची. नागपुरात असंच शिकवलं आमाले."

"आधी बोतल गायब, और शीशियाँ बर्फ में छुपी हुईं. इसको चोरी कहते हैं."

मागे दोन नर्स हसल्या. आनंदीने शेवटची कुपी ओतली.

सदुसष्ट सालच्या त्या पावसाळ्यात बालाघाटची वीज सारखी जायची. फ्रिज कोमट व्हायचा आणि सिरमची बाटली दिवसातून दहादा टेबलावर यायची. रोज सकाळी आनंदी स्वतःचं बोट टोचून सिरम तपासायची. तिचा गट ए. सिरम पडताच रक्त दाणेदार व्हायला हवं. एका सकाळी ते झालं नाही. त्या सिरमच्या लेखी आता ए गटाचा प्रत्येक माणूस ओ गटाचा होता.

तिने साहेबांना सांगितलं. नवीन मागवतो, म्हणाले. मागवलं नाही.

चौथ्या दिवशी किरनापूरची जिजाबाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. तिचा नवरा चैतराम बाही वर करूनच आत आला. दोघांचेही थेंब काचेवर पातळच राहिले.

"साहेब, सिरम मेलं हाये. निदान दोघांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहू द्या, जमते का. अर्धा तास."

"आधे घंटे में वो मर जाएगी. जो दिखता है, वही लिखो. नहीं तो घर बैठो."

आनंदीने लिहिलं : दोघेही ओ. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

रक्त चढू लागलं आणि थोड्याच वेळात जिजाबाईला हीव भरलं. कंबर मोडून राह्यली म्हणून ती किंचाळत राहिली. दुपारी ती गेली. साहेबांनी कागदावर अतिरक्तस्राव लिहिला. बाळ जगलं.

व्हरांड्यात चैतराम कोपरावर कापूस दाबून बसला होता. रडून झालं होतं.

"बाई, माह्यं रक्त गेलं का तिच्या अंगात?"

"हौ. गेलं."

"मंग तेवढं त झालं माह्या हातून." त्याने नाक पुसलं. "पोराले लागलं त अजून घ्या."

आणि तो दुसरी बाही वर सारू लागला.