उसनी होडी

आमच्या शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना मार्गाला लावणं हे माझं काम. कुणी कुठल्या विद्यापीठात अर्ज करायचा, मुलाखतीला कुठला शर्ट घालायचा नाही, ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ म्हटल्यावर समोरच्याला जांभई का येते, हे सगळं मी शिकवतो. पोरं माझ्या पाठीमागे मला होकायंत्र म्हणतात. का, तर सरांना कुठेही ठेवा, ते एकाच दिशेला बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे, पण मी ते मान्य करत नाही.

या कामात खरे नाकी नऊ आणतात ती हुशार मुलं. त्यांच्याकडे सगळं असतं, फक्त अपयश नसतं. आणि हल्ली प्रत्येक मुलाखतीत विचारतातच, ‘तुमचं एखादं अपयश सांगा आणि त्यातून काय शिकलात तेही सांगा.’ पोरं बिचारी गप्प. अपयश आणणार कुठून? आईबापांनी वाटेतला खडा न् खडा वेचून ठेवलेला. एकीने तर डोळ्यांत पाणी आणून मला विचारलं होतं, ‘सर, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले होते एकदा, ते चालेल का?’

मग मी माझी अपयशं वाटायला लागलो. माझ्याकडे त्यांचा तुटवडा कधीच नव्हता. गाडीच्या परीक्षेत मी परीक्षकासकट कुंपणात घुसलो होतो. ते अपयश मी होणाऱ्या डॉक्टरांना देई, कारण त्यात घाबरलेल्या परीक्षकाला धीर द्यायचा प्रसंग आहे. नाटकात ऐन वेळी वाक्यं विसरलो, ते वकिलीकडे. पहिल्या नोकरीतून मला हाकललं होतं, ते जरा धुऊनपुसून व्यवस्थापनवाल्यांना. आयत्या बिळावर नागोबा व्हावं तशी पोरं माझ्या फजित्यांवर बसून मोठमोठ्या विद्यापीठांत शिरली. माझा नियम एकच होता, की एका वर्षी एका विद्यापीठात एक अपयश दोनदा जायचं नाही. मुलाखत घेणारे दरवर्षी बदलत असतील, अशी माझी भाबडी समजूत.

सगळ्यांत जास्त मागणी होडीला. लहानपणी स्वतःच्या हातांनी होडी बांधली, घाईत तळाला फट राहिली, होडी तळ्याच्या मधोमध बुडाली. मग संयम शिकलो, पुन्हा बांधली, ती तरली. इंजिनिअरिंगच्या मुलाखतीत ही गोष्ट सांगितली की समोरचे माना डोलावतात. पण ही होडी माझी नव्हती. माझ्या लेकीची होती.

लेक आमच्याच शाळेत, यंदा शेवटच्या वर्षाला. वर्गात तिला मोजपट्टी म्हणतात, कारण दिसेल त्या वस्तूची लांबी-रुंदी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिला जहाजबांधणी शिकायची होती. तो विषय शिकवणारं आमच्या आवाक्यातलं विद्यापीठ एकच, आणि तिथल्या जागा एका बाकावर मावतील एवढ्या. दुसरं काही सुचवलं की ती नुसती माझ्याकडे बघायची. मग मी सुचवणं सोडून दिलं.

एका संध्याकाळी ती शाळेतून आली ती दप्तर फेकूनच.

“बाबा, शेठच्या लहानपणी कुठलं रे तळं होतं?”

शेठ म्हणजे तिच्या वर्गातला एक गुळगुळीत मुलगा. तो इंजिनिअर होऊन पुढे कंपनी चालवणार हे त्याने चालायला लागल्यापासून सांगितलेलं आहे.

“असेल एखादं,” मी पेपरातून म्हणालो.

“त्याला अंघोळीच्या बादलीची भीती वाटते. आज जिन्यात उभा राहून घोकत होता, माझी होडी बुडाली म्हणून. माझी!”

“अगं, त्याच्याकडे काहीच नव्हतं. गरजू होता.”

“आणि मी काय सांगू मग? मला जहाजं बांधायची आहेत, बाबा. मी कुंपणात गाडी घातल्याचं सांगू?”

“वादविवादात हरल्याचं सांग. छान आहे ते, कुणालाही शोभतं.”

“मी वादविवादात कधी हरलेय?”

“या घरात तरी मी पाहिलं नाही,” बायको आतून म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “आमच्याकडे एकाचं औषध दुसऱ्याला दिलं ना, तर दुकानाला कुलूप लागतं.”

मी चिडलो. मी पोरांचं भलं केलं, त्यांच्या आया मला अजून रस्त्यात थांबवून धन्यवाद देतात, इथे मात्र घर की मुर्गी, वगैरे पुष्कळ बोललो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. लेकीने सगळं ऐकून घेतलं.

“किती जणांना दिलीस?”

“असतील चार-दोन.”

चार-दोन नव्हते, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठून आपल्या खोलीत गेली.

पुढच्या आठवड्यात सराव मुलाखती होत्या. त्या आमच्याकडे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतात, कारण तेवढ्याच खोलीचं दार आतून नीट लागतं. लांबलचक टेबल, उंच स्टुलं, बरणीतला एक बेडूक आणि उमेदवार. मार्गदर्शकाने मागे नळाजवळ बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हा मोठ्या बाईंचा दंडक. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. यंदा त्यांनी कुठल्याशा समारंभात एका प्राध्यापकांना गाठून पाहुणे म्हणून आणलं होतं. जाड चष्मा, हळू आवाज, कोटाच्या खिशात बारकी पट्टी. जहाजबांधणी शिकवायचे. त्या एकुलत्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या सगळ्या मुलाखती बरीच वर्षं तेच घेत आले होते आणि पुढच्या महिन्यातही तेच घेणार होते. हे मला त्यांनी चहा पिताना सांगितलं, आणि मी कप तसाच खाली ठेवला.

पहिला आला शेठ. अपयशाचा प्रश्न आल्याबरोबर त्याने होडी पाण्यात सोडली. बोलत छानच होता, मीच शिकवलेला. होडी बुडायला लागली तसे प्राध्यापक म्हणाले,

“थांब. तळाला फट होती ना?”

“हो सर! तुम्हाला कसं कळलं?”

“बाळा, ही होडी माझ्यासमोर दरवर्षी बुडते. मागच्या वर्षी एका मुलीची बुडाली. त्याआधी एका उंच मुलाची, गुडघे टेबलाला लागत होते त्याचे. एवढी माणसं घेऊन ती तळ्याच्या मधोमध पोचते कशी, हेच मला कळत नाही.”

शेठ लाल झाला. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बेडकाकडे पाहिलं.

“पुढच्या महिन्यात तुमच्या शाळेतल्या कुणी माझ्यासमोर होडी काढली,” प्राध्यापक बाईंना शांतपणे म्हणाले, “तर त्याला मी तिथेच उठवणार. खोटं बोलणाऱ्याने बांधलेल्या जहाजात मला बसायचं नाही.”

आणि पुढचा नंबर लेकीचा होता. ती बाहेर बाकावर बसलेली, आत काय झालं याचा तिला पत्ता नाही. ती कुठलं अपयश सांगणार हेही तिने घरी सांगितलं नव्हतं. मला बोलायची बंदी. ती आत आली तशी मी मान जोरजोरात हलवली. ती समजली, ताठ बसायला सांगतोय. ताठ बसली.

दोन-चार साधे प्रश्न झाले. मग तोच.

“एखादं अपयश सांगा.”

“माझी होडी बुडाली,” लेक म्हणाली.

प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि नळ हाताशी असून उपयोग नव्हता.

“तुमचीसुद्धा?”

“माझीच. बाकीच्यांची त्यानंतर बुडाली.”

“बरं. तळाच्या फटीतून पाणी आलं असेल.”

“फट?” तिने भुवया चढवल्या. “फट कुणी सांगितली? तळ शेवटपर्यंत कोरडा होता. मी डांबर लावलं होतं. आधी पाण्याने भरलेले डबे ठेवून बघितलं होतं, माझ्या वजनाएवढे आणि वर दोन जास्त. तरी काठ पाण्याच्या वर चार बोटं राहत होता. पाणी आलं मागच्या काठावरून.”

“मागून का?”

“मागे बाबा बसले.”

“मी नको म्हणत होते. एकाचीच होडी आहे, असं तीनदा सांगितलं. बाबा म्हणाले, तुला एकटीला कसं सोडू, आणि येऊन बसले. तळ्याच्या काठापासून फार लांब गेलोसुद्धा नाही आम्ही.”

“बाबा म्हणजे?”

“ते काय, नळाजवळ. तेव्हा जरा बारीक होते.”

हातच्या काकणाला आरसा कशाला? प्राध्यापकांनी स्टूल फिरवून मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

“बसला होतात?”

पोरगी लहान होती, तिला काय आठवतंय, असं म्हणता आलं असतं. शाळेची अब्रू वाचली असती, माझं दुकान चालू राहिलं असतं आणि लेक खोटी ठरली असती. मोठ्या बाई टक लावून बघत होत्या.

“बसलो होतो,” मी म्हणालो.

“आणि ती फट?”

“ती मी नंतर घातली.”

“हं.” ते पुन्हा लेकीकडे वळले. “यातून तुम्ही काय शिकलात?”

याचं उत्तर मी इतक्यांना पाठ करून घेतलंय की माझे ओठ आपोआप हलायला लागले. संयम, नियोजन, पुन्हा उभं राहणं.

“काही नाही,” लेक म्हणाली. “मी रडले. चौथीत होते मी. माझे आकडे बरोबर होते. शिकायचं होतं ते बाबांना.”

“मग पुन्हा बांधली असेल तुम्ही.”

“नाही. बाबा म्हणाले, पुरे आता, अभ्यास कर. पुन्हा बांधली, ती तरली, हे सगळं बाबांनी पोरांना सांगितलं. माझी तेवढी एकच होडी होती.”

मला शरम वाटली. लोकांच्या पोरांच्या तोंडात ती होडी इतक्यांदा तरली की ती खरोखर पुन्हा बांधली गेलीच नाही, हे मी विसरूनच गेलो होतो. आणि पुरे आता, असं म्हणणारा मीच होतो, हेही.

प्राध्यापकांनी तिच्याकडे एक कोरा कागद सरकवला. “काठ चार बोटं वर होता म्हणालात. बाबांना घेऊन जायचं असतं, तर होडी केवढी हवी होती?”

तिने पेन घेतलं आणि मागे वळून विचारलं, “बाबा, तेव्हा तुझं वजन किती होतं?”

मी सांगितलं.

“खरं सांग.”

मी थोडं वाढवलं. मोठ्या बाई खोकल्याचं निमित्त करून हसल्या. पुढे बराच वेळ त्या दोघांची डोकी कागदावरून वर आली नाहीत. प्राध्यापकांची खिशातली पट्टी बाहेर निघाली, एक होडी खोडली, दुसरी काढली, बाहेर बाकावर पुढचे उमेदवार जांभया देत राहिले. शेवटी ते एवढंच म्हणाले, “पुढच्या महिन्यात भेटू. येताना वडील आणू नका.”

त्या दुपारी मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून माझं दुकान बंद केलं. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. मला त्यांनी चांगला तासभर दिला. शेठ जिन्यात तोंड पाडून उभा होता. मी त्याला म्हटलं, अरे, आज तुला स्वतःचं, अस्सल, पहिलंवहिलं अपयश मिळालंय, तेच सांग. तो माझ्याशी अजून बोलत नाही.

घरी मी लेकीला म्हणालो, “चुकलो मी.”

“हो,” ती म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी एकदाच सराव घेऊ का म्हणून विचारलं. नको म्हणाली. सोबत येऊ का? बसथांब्यापर्यंत ये. बस सुटल्यावर मी तिथेच उभा राहिलो, कुठे जावं ते कळेना. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून न जाता मुलाखतीला गेलेली ती पहिली.

तिला जागा मिळाली. कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात ओरडलो, बायकोच्या हातातलं भांडं पडलं, लेकीला मी उचलायला गेलो आणि कंबर धरून खाली बसलो. जेवताना तिने सहज सांगितलं,

“पण एक उत्तर इतकं चुकलं माझं. इतकं, की प्राध्यापक आणि त्यांच्यासोबतचे दोघे, तिघेही हसायला लागले. मलाच हसू आवरेना. नंतर बरोबर काय ते त्यांनी समजावून सांगितलं.”

“कुठलं उत्तर?” मी घास तसाच ठेवला.

“नाही सांगणार.”

“अगं, मी काय करणार आहे त्याचं?”

मायलेकी दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली ताटात बघितलं. पुढच्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी येते आहे, भयंकर हुशार, आजवर तिचं काही म्हणजे काही चुकलेलं नाही. नेमका तिचाच चेहरा तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेला होता.