वाढप्याचं काम

श्यामकांत वाघचौऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला साधं ‘गाढवा’ म्हटलं नव्हतं. बोरीवलीच्या मराठी मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, ते चोवीस वर्षं पेटी वाजवत आले. अशा माणसाला फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, उजवा हात आणि वाचा मात्र गेली. तोंडात एकच शब्द उरला. तहान लागो, पंखा लावायचा असो, नातीचा फोन येवो, श्यामकांत म्हणणार, “च्यायला!”

कांदिवलीला वाचा-उपचार करणारी तेजल त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना म्हणाली, “काकू, लाजू नका. बाकीचे शब्द अडकलेत. शिव्या तेवढ्या सुटून बाहेर येतात, असं होतं बऱ्याच जणांचं. काका शिवी देत नाहीयेत, बोलतायत.”

घरी हे सुनंदाबाईंना पटलं. चर्चमध्ये पटवून देणं अवघड होतं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, दर महिन्याला येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा तो विधी. प्रार्थना संपली, सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली आणि मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, “च्यायला!” पोरं खिदळली. श्यामकांतांचे डोळे मिटलेलेच होते.

उपासनेनंतर शरच्चंद्र सरांनी सुनंदाबाईंना बाजूला घेतलं. नवे पाळक, म्हणजे पाद्री, येईपर्यंत मंडळीचा कारभार सरच बघत होते. धर्मशास्त्राची पदवी घेतलेले, बायबलासाठी ग्रीक शिकलेले. गुरुवारच्या शास्त्राभ्यासात त्यांचा शब्द अखेरचा. माणूस वाईट नव्हता, हॉस्पिटलात तीनदा येऊन गेला होता.

“वहिनी, सांगताना मलाच जड जातंय,” सर म्हणाले. “पण प्रभूच्या मेजावर यायचं तर तोंडाने कबुली हवी. अन् ह्यांच्या तोंडी हे असं... नीट बोलता येईपर्यंत थांबू या. अयोग्यपणे घेतलं तर त्यांच्यावरच दोष येईल.”

सर म्हणतात म्हणजे तसंच असणार. सुनंदाबाई बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या. ग्रीकपुढे त्या काय बोलणार?

मे महिन्यात भाकरीचं तबक बाकापाशी आलं तेव्हा श्यामकांतांनी डावा हात पुढे केला. सुनंदाबाईंनी तो हळूच दाबून मांडीवर ठेवला. त्यांनी वळून बायकोकडे नुसतं पाहिलं. जूनमध्ये पुन्हा तसंच. जुलैत त्यांनी हात उचललाच नाही. मग रविवारी घरी येऊन सदरा काढून ठेवला की ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. सुनंदाबाईंचा जीव कातरायचा. देवाला खरंच राग आला असेल का ह्यांचा?

एका दुपारी श्यामकांत झोपले असताना सुनंदाबाईंनी बायबलातलं शुभवर्तमान उघडलं. सरांना खोटं पाडायला नाही; नियम काय आहे तो एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून. येशूच्या शेवटच्या भोजनाचा तो भाग त्यांनी शंभरदा ऐकला होता. आज बोट ठेवून वाचला. तिथे कुणाची परीक्षा घेतल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि पुढच्याच पानावर येशूचा शिष्य पेत्र, त्याच पंगतीत जेवून उठलेला पेत्र, शेकोटीपाशी येशूचं नाव निघताच शिव्याशाप देत म्हणत होता की मी त्या माणसाला ओळखत नाही.

सुनंदाबाईंनी चष्मा पुसून परत वाचलं. “अगं बाई!” त्या मोठ्याने म्हणाल्या.

शेजारणीला श्यामकांतांपाशी बसवून त्यांनी रिक्षा केली ती थेट सरांच्या घरी.

“सर, शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्र पंगतीला होता ना?”

“होता की.”

“आणि नंतर शिव्या घातल्या त्याने. त्याही धडधाकट तोंडाने, शुद्धीवर असताना.”

सरांनी मान डोलावली.

“प्रभूला हे आधीच ठाऊक होतं. त्याच रात्री तोंडावर सांगितलंही त्याला. तरी वाढलं. मग मला सांगा, पंगत कुणाची?”

“प्रभूची,” सर म्हणाले.

“म्हणजे आपण वाढपी. वाढप्याने वाढत जायचं. यजमानाने बोलावलेल्या माणसाला पानावरून उठवायचं काम आपलं नाही, सर.”

सरांशी ह्या सुरात त्या कधी बोलल्या नव्हत्या. सर उठले, कपाटातल्या एका जाड पुस्तकावर हात ठेवला, पण ते न काढताच परत येऊन बसले.

“हा उतारा मी कितीदा तरी शिकवलाय, वहिनी,” ते हळू म्हणाले. “रविवारी घेऊन या त्यांना. या म्हणजे, याच.”

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सर तबक घेऊन आधी मागच्या बाकापाशी आले आणि वाकले. “श्यामकांत, चुकलो रे मी.”

श्यामकांतांचा हात हलेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. “घ्या ना,” सुनंदाबाई म्हणाल्या, “तुमचंच आहे.” तेव्हा त्यांनी तुकडा उचलला, तोंडात घातला. डोळे भरून आले आणि ते पुटपुटले, “च्यायला.”

“आमेन,” सर म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले. एक पोरगं हसलं. हसू दे.

त्या दिवशी जेवून सुनंदाबाई जरा आडव्या झाल्या त्या साडेपाचपर्यंत गाढ झोपल्या. चार महिन्यांत अशी झोप नव्हती. जाग आली तर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. श्यामकांतांनी डाव्या हाताने चहा टाकला होता, ओट्यावर साखरच साखर. पाकासारखा गोड तो चहा सुनंदाबाईंनी घोट घोट करत सगळा संपवला आणि कप पुढे करून म्हणाल्या, “अजून आहे का हो?”