कोपऱ्यातली मोकळी जागा

चांगलं काम स्वतःच बोलतं, करणाऱ्याला तोंड उघडावं लागत नाही. हे वाक्य वहिनीने सहा वर्षांपूर्वी जाड, गोलसर अक्षरांत मांडून पेजवर टाकलं होतं, आणि त्यावर तिची श्रद्धा होती. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते काम खरोखरच तिच्याशी बोललं. म्हणालं, पासवर्ड चुकीचा आहे.

तिने तो पुन्हा घातला, या वेळी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. काम आपल्या म्हणण्यावर ठाम होतं. तिसऱ्या खेपेला फोनने अदबीने सुचवलं, की विसरला असाल तर नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवतो, आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे दाखवले. ते नणंदेचे होते.

यातही वावगं काही नव्हतं. पेज उघडलं त्या दिवशी वहिनीचा फोन काच फुटून दुरुस्तीला गेला होता. नणंद म्हणाली होती, माझा नंबर टाक, आपण काय परक्या आहोत का. पेजचं नाव ठेवलं 'दोघी'. दुकानांच्या पाट्या का वाचता येत नाहीत, औषधाच्या बाटलीवर तारीख कुठे असावी, असल्या साध्या गोष्टी त्या तिथे लोकांना दाखवायच्या. अक्षरं, रंग, मांडणी वहिनीची. कॅमेऱ्यासमोर उभं राहून समजावणं आणि आलेल्या कॉमेंट्सना उत्तरं देणं नणंदेचं. वहिनीला कॅमेऱ्याचं वावडं होतं. फोटोत तिचा चेहरा नेहमी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागल्यासारखा यायचा.

तिने नवऱ्याच्या फोनवरून पेज उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. चारशे पोस्टी होत्या, चौसष्ट हजार फॉलोअर्स होते. फक्त वर 'दोघी' नव्हतं. तिथे नणंदेचं नाव होतं, आडनावासकट. सगळ्यात ताज्या फोटोत नणंद एका काचेच्या दारासमोर गळ्यात ओळखपत्र घालून हसत होती, आणि खाली लिहिलं होतं, की स्वप्नं पाहणाऱ्यांनी कधी हार मानू नये.

काचेचं दार वहिनीने ओळखलं. तीन महिन्यांपूर्वी त्याच जाहिरात एजन्सीचा निरोप पेजवर आला होता: या पेजमागचं डोकं आम्हाला भेटायला हवं, आमच्याकडे डिझाइन विभागाच्या प्रमुखाची जागा आहे. निरोप नणंदेनेच वाचून दाखवला होता. वहिनी पंधरा वर्षं एका छापखान्यात फरशी पुसायच्या औषधाची लेबलं करत होती. त्या दिवशी तिने कपाटातले ठेवणीतले कपडे काढून इस्त्रीला दिले. आठवड्याने नणंद तोंड पाडून म्हणाली, की अगं, त्यांचं ते बारगळलं. वहिनीनेच तिची समजूत घातली. म्हणाली, असं लगेच निराश व्हायचं नसतं.

नवऱ्याला आधी वाटलं, फोन बंद करून चालू केला की होईल. मग लक्षात आल्यावर तो म्हणाला, "मी बोलतो तिच्याशी." लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण या वाक्याच्या पुढचं वाक्य वहिनीने अजून ऐकलेलं नव्हतं.

सासूबाईंनी मात्र मुद्द्यालाच हात घातला.

"घरातल्या घरातच आहे ना? बाहेर कुठे गेलंय?"

"आई, त्यावरचं माझं नाव गेलंय."

"तुझं नाव होतं कुठे त्यावर?" सासूबाईंनी विचारलं. त्यात खवचटपणा नव्हता. त्यांनी चष्मा लावून खरोखर शोधलं होतं.

संध्याकाळी सहाला नणंद कामावरून घरी आली. येताना केक घेऊन आली. तो तिने टेबलाच्या मधोमध ठेवला, बशा मांडल्या, वहिनीची बशी सगळ्यात आधी. वहिनीने काही विचारायच्या आतच तिने सांगून टाकलं, की नाव बदलायचं एजन्सीचंच म्हणणं होतं, आजकाल लोकांना समोर एक चेहरा लागतो, आणि पासवर्ड सुरक्षिततेसाठी बदललाय. कुणापासून सुरक्षित, हे तिने सांगितलं नाही.

"बारगळलं म्हणाली होतीस," वहिनी म्हणाली.

"तेव्हा बारगळलंच होतं. मग परत जुळलं. आणि तुला सांगितलं असतं तर तू मनाला लावून घेतलं असतंस."

"ते डोकं कुणाचं आहे म्हणून विचारत होते."

"हो ना. मी म्हटलं, मी आहे." नणंद केक कापत होती. "वहिनी, तूच सांग, तू गेली असतीस तर बोलली असतीस का चार वाक्यं? घामाने भिजून परत आली असतीस. जागा हातची गेली असती, मग ना तुला, ना मला."

"चारशेच्या चारशे पोस्टी माझ्या हातच्या आहेत."

"मी कुठे नाही म्हणतेय? पण तसं लिहिलंय कुठे?"

लिहिलेलं नव्हतं, हे खरं होतं. सुरुवातीला नणंदच म्हणायची, खाली उजव्या कोपऱ्यात बारीक तुझं नाव टाक. वहिनी छापखान्यात मुरलेली. फिनेलच्या बाटलीवर कुणी सही करत नाही. लेबल करणाऱ्याचं नाव लेबलावर दिसलं, तर मालक ते छपाईतली चूक म्हणून खोडायचे. शिवाय तो कोपरा मोकळा राहिला तरच नजर मधल्या अक्षरांवर ठरते, नाव घातलं की सगळा तोल बिघडतो. हे तिने नणंदेला दोनदा नीट समजावलं होतं, आणि नणंदेने त्यावर एक व्हिडिओही केला होता. फार चालला होता तो.

केसाने गळा कापतात म्हणतात. इथे केसही वहिनीचा होता, आणि कसा धरायचा हेही तिनेच शिकवलं होतं. तिने केक खाल्ला. घरात सगळे बघत होते.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून अर्धी रजा काढून, इस्त्रीचे कपडे घालून ती एजन्सीत गेली. नणंद तेव्हा बाहेर कुणा ग्राहकाकडे होती. पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. त्यात चारशे मूळ फाइली होत्या. प्रत्येक अक्षर, प्रत्येक रेघ वेगळी उचलता येईल अशा, आणि प्रत्येकीवर तारीख. असली फाइल ज्याने काम केलं त्याच्याकडेच असते. या धंद्यात यापलीकडे पुरावा नाही.

एजन्सी चालवणाऱ्या बाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी पाणी मागवलं, दहाबारा फाइली उघडल्या, आणि एका मांडणीवर बराच वेळ थांबल्या. काम बोलत होतं.

"सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीच त्या. घरी एक मदतनीस आहे, तिला अक्षरांचं बरं कळतं, असं तुमच्या नणंदबाई म्हणाल्या होत्या."

वहिनीने तोंड उघडलं. सहा वर्षांत साठवलेलं सगळं एकदम दाराशी आलं आणि गर्दीमुळे एकही शब्द बाहेर पडेना. शेवटी तिने "हो, ते माझं आहे" एवढंच म्हटलं, तेही पेन ड्राइव्हकडे बघत.

बाईंनी वाट पाहिली. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, की हाताने सुरेख काम करणारी चार माणसं त्यांच्याकडे आधीच आहेत. ती चौघंही अशीच गप्प असतात. म्हणून तर ग्राहकासमोर बोलणारं कुणीतरी हवं होतं. काम कुणाच्या हातचं, हा तुमचा घरचा प्रश्न. पेन ड्राइव्ह त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला, दारापर्यंत सोडायला आल्या.

नणंदेला कळलं असणार, कारण त्या रात्री तिने जेवणाची भांडी घासली.

तीन आठवड्यांनी, दुपारी, वहिनी छापखान्यात भिंग लावून एक लेबल तपासत असताना नणंदेचा फोन आला. मागे माणसांचे आवाज होते, आणि नणंद दबक्या आवाजात बोलत होती.

"वहिनी, आपला तो पिवळा आहे ना, त्याचा नंबर काय गं? इथे सगळे विचारतायत. मला आठवत नाहीये."

आठवायला तो तिला कधी माहीतच नव्हता. पडद्यावरचा पिवळा आणि कागदावरचा पिवळा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्या दोघांना एकत्र आणायला वहिनीने सलग अकरा सकाळी शाई कालवून, खिडकीच्या काचेला कागद डकवून, उन्हात आणि सावलीत बघितलं होतं. मग संगणकाला तो रंग नेमका सांगणारा नंबर ठरला होता. चारशे पोस्टी त्याच एका पिवळ्यावर उभ्या होत्या. लोक दुरून पेज ओळखायचे ते त्यामुळे, असं वहिनीचं मत होतं.

"ऐकतेयस ना वहिनी? प्लीज, लवकर."

"लिहून घे," वहिनी म्हणाली. "एफ दोन, ई दोन, शून्य पाच."

खरा नंबर एफ दोन, बी सात, शून्य पाच होता. तिने सांगितलेला रंगही पिवळाच होता, पण काविळीकडे झुकलेला. आयुष्यात कुणाला मुद्दाम चुकीचा रंग सांगण्याची तिची ही पहिलीच वेळ. फोन ठेवल्यावर तिने हात धुतले, कारण नसताना.

शुक्रवारी सकाळी पेजवर नव्या पिवळ्यातली पहिली पोस्ट आली. वहिनी छापखान्यात जायच्या आधी नवऱ्याचा फोन घेऊन बसली. चौसष्ट हजारांतला एक तरी माणूस विचारेल, की अहो, तुमचा पिवळा कुठे गेला, याची ती वाट पाहत होती. शनिवारी पाहिली, रविवारी पाहिली. सोमवारी एका बाईंनी लिहिलं, की रंग किती टवटवीत वाटतोय.

त्या पोस्टला चौदा हजार लाइक्स मिळाले. सहा वर्षांत 'दोघीं'च्या एकाही पोस्टला इतके मिळाले नव्हते.