तीन गाठी आणि एक बेपत्ता चिमटा

मित्रांनो, मी सूड घेतला. पुरता घेतला, आणि घेताना मला मजा आली.

हे विसरून जा. असं काही घडलेलंच नाही. मी रुग्णालयाच्या तपासणी खोलीतला एक जुना चिमटा आहे, आणि जुने चिमटे सूड घेत नसतात. ते फार तर घसरतात.

पोलादाच्या पट्टीतून माझा जन्म झाला. मला दोन पाय मिळाले, डोकं मिळालं नाही, म्हणून मी आयुष्यभर एकाच जागी नोकरी केली. शस्त्रक्रियेत काढलेलं सगळं आमच्या टेबलावर येतं. पित्तनळीचा कर्करोग असेल तर नळी, यकृताचा तुकडा आणि भोवतालची चरबी अशी मंडळी एकत्रच येतात. त्या चरबीत वाटाण्याएवढ्या लसिका गाठी दडलेल्या असतात. रोग नळीबाहेर पडला की बहुधा आधी त्यांच्याकडे मुक्काम ठोकतो. त्या बोटांनी चाचपून शोधायच्या, माझ्याने उचलायच्या आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. विभागप्रमुख बाईंचा नियम होता, किमान सहा. "दोन खोल्या बघून अख्खं घर रिकामं आहे म्हणू नये," असं त्या म्हणत.

बाई मला आपला उजवा हात म्हणायच्या. त्या डावखुऱ्या होत्या, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

मग झटपट डॉक्टर आले. हे त्यांचं टोपणनाव, आणि ते त्यांनी कष्टाने नव्हे, घाईने मिळवलं होतं. त्यांनी माझ्याने पाठ खाजवली. माझ्याने खिडकीची कडी उपसली. त्यात माझा एक पाय वाकला, तर वर म्हणाले, "हा लंगडा म्हातारा टाका, नवा मागवा." मित्रांनो, मला सगळं आठवतं. तारखांसकट.

एके दिवशी एका घड्याळजींची पित्तनळी आली. त्यांची मुलगी चौकशीच्या खिडकीशी उभी होती.

"डॉक्टर, गाठी साफ असल्या तर नुसतं तपासत राहू, नाहीतर लगेच औषधं, असं सर्जन म्हणाले. बाबा रोज विचारतात, दुकान कधी उघडू?"

"कळवतो, कळवतो."

घड्याळजी! दिवसभर डोळ्याला भिंग लावून चिमटा धरणारा माणूस. म्हणजे नात्याने माझा सोयराच.

झटपटांना तीन गाठी मिळाल्या. त्यांनी लगेच हातमोजे काढले.

"तीनच?" अवजारं धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. "बाईंना सहा लागतात."

"नसतील तर मी काय पिकवू, मावशी?"

असं म्हणून त्यांनी मला चरबीवर फेकलं आणि सगळा ऐवज बरणीत लोटला. मी घसरलो. घसरत घसरत यकृताच्या तुकड्याखाली गेलो आणि तिथे उताणा पडून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी सुट्टी घेतली.

आमच्याकडे अवजारं मोजल्याशिवाय बरणी बंद होत नाही, आणि बरणी बंद झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही. मावशींनी दोनदा मोजलं.

"अकरा. बारावा कुठाय?"

"जाऊ द्या हो, लंगडाच होता."

"उद्या कचरा उचलणाऱ्याच्या बोटात शिरला म्हणजे? मागच्या वर्षी माझ्या शिरलाय. बसा खाली. चरबीत बघा, तिथेच फेकलात ना?"

झटपट बसले. ओळीने चरबी चुरायला लागले. बरणीतल्या फॉर्मालिनच्या उग्र वासाने डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. मी बरणीच्या बुडातून ऐकत होतो. मित्रांनो, ते संगीत होतं.

"काहीतरी लागलं हाताला!"

"चिमटा?"

"नाही... गाठ."

थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. चौथीला त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मावशी म्हणाल्या, "बघा, पिकल्या की!" मी सर्वांत शेवटी सापडलो, आणि ओशाळलो नाही.

दोन दिवसांनी बाईंनी सातही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आधीच्या तिन्ही साफ होत्या. नंतरच्या चारांपैकी एकीत रोग होता.

"तुझ्या तिनांवर थांबलो असतो," बाई झटपटांना म्हणाल्या, "तर घड्याळजींना औषधांविना घरी पाठवलं असतं." एवढंच. ओरडल्यासुद्धा नाहीत. माझी फार निराशा झाली.

मुलीला सांगायला झटपट स्वतः खिडकीशी गेले. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे रोग पुढे गेलाय."

"थोडा. पण कळलंय. औषधं सोमवारपासून."

"आणि दुकान?"

झटपट बाहेर आले आणि तिच्याशेजारी बाकावर बसले. मला झटपटांना हरवायचं होतं, घड्याळजींना नाही.

तेव्हा मित्रांनो, न बघितलेलं आणि नसलेलं यांत फरक असतो. तो शोधायला बोटं लागतात आणि बूड टेकावं लागतं. माझ्यासारख्यांना जपा. निदान आमच्याने पाठ खाजवू नका.

प्रति, माननीय अधीक्षक. विषय: बदली. वरील औषधांनी बोटं बधिर होऊ शकतात असे समजते. सबब, अर्जदारास घड्याळजींच्या दुकानी, त्यांची बोटं पूर्ववत होईपर्यंत, प्रतिनियुक्तीवर पाठवावे. दरम्यान अवजारांची संख्या बारा भरावी म्हणून झटपट डॉक्टरांना ट्रेमध्ये आडवे ठेवण्यात यावे, व रोज संध्याकाळी मोजण्यात यावे, ही नम्र विनंती.