खोलीची शांतता

‘ऐकलं ते कानात, गिळलं ते पोटात,
घराचं घरपण बाईच्या ओठात.’

आई हे इस्त्री करताना म्हणायची. गाणं नव्हतंच ते, नुसतं पुटपुटणं. पण त्याला लय होती, आणि इस्त्री त्या लयीत पुढेमागे जायची. शर्ट वडिलांचा असायचा. कॉलर उलटी करून आई क्षणभर बघायची, पाणी शिंपडायची आणि तेवढ्या जागेवर इस्त्री जरा जास्तच दाबून धरायची. दारात उभ्या असलेल्या मुलीला वाटायचं, डाग हट्टी आहे.

आई गेली, आवाज राहिला. पंखा बंद केल्यावरही त्याची पाती थोडा वेळ फिरत राहतात, तसा.

त्या मुलीचे केस आता कानांपाशी पांढरे झालेत, आणि आवाजावरच तिचं पोट आहे. मालिकेच्या सेटवर ती क्यू देते. दोन माणसांच्या बोलण्याचा प्रसंग आधी दोघांना एकत्र घेऊन टिपतात, मग एकेकाचा चेहरा जवळून. आपला क्लोजअप झाला की हिरो उठून गाडीत जाऊन बसतो. मग हिरॉइनने कुणाकडे बघून रडायचं? तर कॅमेऱ्याच्या बगलेला, स्टुलावर बसलेल्या हिच्याकडे. ही हिरोची वाक्यं वाचते, समोरची डोळ्यांत पाणी आणते, आणि नंतर हिचा आवाज कापून तिथे हिरोचा लावतात. इतक्या वर्षांत ती नवरा झाली, सासरा झाली, फौजदार झाली, एकदा तर मेलेल्या मुलाचा आत्माही झाली. प्रेक्षकांनी तिचा एक शब्द ऐकलेला नाही.

कापायचं काम तिच्या नवऱ्याचं. सेटवर आवाज तोच घेतो, नंतर साफही तोच करतो. युनिटमध्ये त्याला ‘कान’ म्हणतात. पलीकडच्या गल्लीत रिक्षा सुरू झाली तरी हात वर करून तो शूटिंग थांबवतो. आणि कानाची बायको म्हणून हिला म्हणतात ‘वहिनी’. ही या कामात त्याच्याआधी आलेली. तरी ती वहिनी. तो मात्र कुणाचा भावजी झाला नाही.

सध्याची मालिका जुन्या काळातली. मोठं ऑफिस, टाइपरायटरचा खडखडाट, टेबलाटेबलावर राखदाण्या. काचेच्या केबिनमध्ये मोठे साहेब आणि बाहेर रांगेने बसलेल्या टायपिस्ट मुली. साहेब एका टायपिस्टच्या नादी लागतात. घरी बायको वाट बघते, तिला सगळं कळतं, ती काही बोलत नाही. लोक ही मालिका डोक्यावर घेऊन नाचतात. ‘काय तो काळ उभा केलाय!’ म्हणतात.

साहेबांच्या बायकोचं काम करणाऱ्या थोरल्या बाई या क्षेत्रात मुरलेल्या. पहिल्याच आठवड्यात दिग्दर्शक मेकअप करणाऱ्या मुलीला म्हणाला, “बाळ, नुसती उभी आहेस, चहाचं तरी बघ.” तेव्हा थोरल्या बाई आरशातूनच म्हणाल्या होत्या, “सर, जुना काळ उभा करायला एवढा खर्च कशाला केलात? कॅमेरा नुसता इकडे फिरवायचा.” सगळे हसले. दिग्दर्शकही हसला. चहा त्या मुलीनेच आणला.

---

गोष्ट घडली ती साध्या कामातच घडली.

साहेबांच्या नव्या कोटात छोटा माईक लपवायचा होता. कापड जाड, अस्तर कडक. असं कापड माईकवर घासलं की आवाजात खरखर येते, आणि मग सगळा प्रसंग वाया. कपडेपटाची खोली सेटच्या पार टोकाला. कान कोट घेऊन तिकडे जायला निघाला आणि जाता जाता हिला म्हणाला, “अगं, माझ्या जागेवर बस जरा. हेडफोन लाव. मी कोट हलवून बघतो, कापड घासतंय का ते ऐकून सांग.”

ती बसली. हेडफोन त्याच्या डोक्याच्या मापाचे, तिला सैल. दोन्ही हातांनी तिने ते कानांवर दाबून धरले.

“येतंय का?” नवऱ्याचा आवाज अगदी कानाच्या आत. लग्न नवं असताना यायचा तसा. तिला नकळत हसू आलं.

मग दार वाजलं. मग कपडेपटातल्या बाईचा आवाज. तिला सगळे टाचणी म्हणतात, कारण तिच्या ओठांत कायम टाचण्या. आज नव्हत्या बहुतेक, शब्द मोकळे येत होते.

“कोट मला दे. तुला नाही जमायचं.”

“तूच ये इकडे.”

आणि कापड घासलं. खूप घासलं. कोट दोन माणसांच्या मध्ये सापडला की घासेल तसं. अस्तराची खरखर, तिच्या आत एक श्वास, मग दुसरा. ज्या माणसाला गल्लीपलीकडची रिक्षा ऐकू येते, तो स्वतःच्या हातातला माईक चालू आहे हे विसरला होता. माणूस विसरतो तेव्हा आपल्याच हातातलं विसरतो.

“आणि तुझी ती?” टाचणीने विचारलं. तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता, थोडी काळजीच होती. हिला तेच जास्त लागलं.

“तिचं काय?” तो हसला. “तिचा आवाज कापायचं तर माझं कामच आहे.”

टाचणीही हसली. आधी नाही, जरा थांबून.

हिने हेडफोन काढले नाहीत. काढायचं सुचलंच नाही. हात कानांवर तसेच दाबलेले, जणू ऐकू येऊ नये म्हणून धरलेत. थोड्या वेळाने तो कोट घेऊन आला आणि माईक चालूच होता हे आत्ता आठवल्यासारखा एकदम थबकला. तिच्याकडे बघितलं. आवाज सांभाळून विचारलं, “काय? घासत होतं का?”

‘ऐकलं ते कानात.’

“नाही,” ती म्हणाली. “स्वच्छ येत होतं.”

त्याने खांदे सैल सोडले. तो पुन्हा कामाला लागला, आणि ती स्टुलावर जाऊन साहेबांची वाक्यं वाचू लागली.

तेव्हापासून ती दमली आहे. हे दमणं झोपेने जात नाही. सकाळी चपला घालताना पाय जड, दुपारी डब्याचं झाकण उघडताना बोटं जड. घरी तो विचारतो, “बरं नाही का तुला?” आणि ती म्हणते, “वय झालं.” तो म्हणतो, “तेच म्हणतोय मी. आता बस घरी. किती दिवस ओढत राहणार?” हे तो मायेने म्हणतो, आणि उशीही नीट करून देतो. रागवायला काहीतरी हातात लागावं, तर तेही तो देत नाही.

तिने मनात कितीदा वाक्य तयार केलं. दुसऱ्यांची वाक्यं वाचणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य जमेना. भांडी घासताना जमायचं, नळ बंद केला की विरघळायचं.

---

आज मालिकेचा शेवटचा दिवस. शेवटचा प्रसंग साहेबांच्या घरातला: साहेब उशिरा येतात, बायको वाट बघत बसलेली.

जेवणाच्या सुट्टीत टाचणी नेहमीसारखी शेजारी येऊन बसली. इतकी वर्षं दोघी एकाच बाकावर जेवतात. तिने आपल्या डब्यातलं अर्धं काढून हिच्या झाकणात ठेवलं. “खा गं. चिमणीएवढं खातेस हल्ली.” हिने खाल्लं. अन्नाने काय केलं होतं?

तेवढ्यात दिग्दर्शक आला. हातात नव्या मालिकेचे कागद, तोंडावर खुशी. “वहिनी, बरं झालं भेटलात. पुढच्या मालिकेला चॅनलने नवीन पद काढलंय, संवाद-साहाय्यक. पाटीवर नाव येणार. खरं तर तुमचंच काम ते.”

हिचा हात घासाशी थांबला. पाटीवर नाव! मालिका संपताना सर्रकन वर जाणारी ती अक्षरं. त्यांत कधीतरी आपलंही असेल, असं तिने मागच्या मालिकेपर्यंत तरी मनात जपलं होतं.

“पण काय आहे,” तो पुढे म्हणाला, “नवरा-बायको एकाच युनिटवर नकोत असं वरून आलंय. कुणीतरी एकाने थांबायचं. मी कानाला विचारलं, तो म्हणाला, ती थांबेल. तिलाच आता झेपत नाही. म्हणून मग एका मुलाला घेतोय. नवा आहे, पण शिकेल. तुम्ही त्याला दोन दिवस दाखवा जरा. कसं?”

टाचणी डब्याकडे बघत राहिली. पुढच्या मालिकेच्या कपडेपटावर तिचं नाव आधीच पक्कं झालं होतं. कानाचंही.

“मला कुणी विचारलं नाही,” ही म्हणाली.

“अहो, विचारलं ना कानाला!” दिग्दर्शक मनापासून म्हणाला आणि निघून गेला.

---

दिवे लागले. साहेबांचा क्लोजअप आधी झाला. “मीटिंग लांबली,” साहेब म्हणाले आणि टाय सैल केला. छान केलं त्यांनी. मग ते कोट काढून गाडीत जाऊन बसले, आणि रिकाम्या खुर्चीशेजारी स्टूल सरकवून ही बसली. डोक्यावर काठीला बांधलेला लांब माईक. पलीकडे यंत्रापाशी हेडफोन लावून कान.

थोरल्या बाईंनी विचारलं, “सर, एक सांगा. हिला सगळं माहीत आहे. मग शेवटच्या दिवशीही ती बोलत का नाही?”

“बाई, त्या काळात बायका बोलायच्या नाहीत.”

“बोलायच्या हो. ते टिपून ठेवलं कुणी?”

“तुम्ही फक्त जेवण वाढा आणि नजर खाली ठेवा. त्यातच सगळं येतं. लोकांना तेच आवडतं.”

थोरल्या बाईंनी सुस्कारा टाकला आणि पदर सारखा केला. त्यांचा निवृत्तीआधीचा हा शेवटचा मोठा पैसा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ॲक्शन झालं.

“मीटिंग लांबली,” हिने वाचलं.

थोरल्या बाईंनी ताट पुढे केलं.

“जेवून आलोय. तू जेवलीस?”

थोरल्या बाईंनी मान हलवली. नजर खाली ठेवायची होती, पण त्यांनी ती वर उचलली आणि थेट हिच्याकडे बघितलं. साहेबांकडे बघावं तसं नव्हे. बाईने बाईकडे बघावं तसं. त्या नजरेत विचारणा होती. इतकी माणसं, एवढे दिवे, आणि तिला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं.

“वेळेवर झोपत जा,” हिने शेवटचं वाक्य वाचलं. आवाज किंचित हलला. कापलाच जाणार होता, कुणाला फरक पडणार होता?

“कट! उत्तम! नजर वर गेली, पण चालेल.” टाळ्या झाल्या. “पॅक-अप करूया!”

“थांबा,” कान म्हणाला. “रूम टोन राहिलाय.”

हा या कामाचा शेवटचा रिवाज. खोली रिकामी असली तरी मुकी नसते. तिची स्वतःची एक शांतता असते: दिव्यांची बारीक गुणगुण, भिंतींचा श्वास. आवाज कापला की तिथे भोक पडतं, आणि ते भोक या शांततेने बुजवतात. म्हणून प्रसंग संपला की सगळ्यांनी होतं तिथे उभं राहायचं आणि अर्धं मिनिट गप्प बसायचं.

“कुणी हलू नका,” कान म्हणाला. त्याने डोळे मिटले, रेकॉर्डिंग सुरू केलं.

सगळे थिजले. दिग्दर्शकाचा हात हवेत, मेकअपवाल्या मुलीच्या हातात कापूस, टाचणीच्या ओठांत टाचण्या. हिच्या डोक्यावर तो लांब माईक टांगलेला.

तिने ती शांतता ऐकली. आजवर आपण बोललेलं सगळं कापून त्या जागी हीच तर भरली होती. आईच्या इस्त्रीखालीही हीच असणार. वाफेचा फुस्स आवाज, आणि मग ही.

तिचं दमणं गेलं नव्हतं. पण दमलेल्या माणसाला ओझं खाली ठेवायला बळ लागत नाही, नुसते हात सोडायचे असतात.

“मी थांबणार नाहीये,” ती म्हणाली. क्यू देतात तशाच सपाट, स्पष्ट आवाजात. “सर, मला विचारलं असतंत तर हेच सांगितलं असतं. काम माझं आहे. त्या मुलाला मी शिकवणार नाही.”

कानाने डोळे उघडले. “अगं! रेकॉर्डिंग चालू आहे!”

“असू दे.”

“काय झालंय तुला? पुन्हा घ्यावं लागेल सगळं.”

कुणी हललं नाही. गप्प राहायची वेळ संपली की नाही, हे कुणाला कळेना. टाचणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मुठीत घट्ट धरल्या.

“त्या दिवशी तू मला तुझ्या जागेवर बसवलंस,” ती नवऱ्याला म्हणाली. त्याच्याकडे नाही, वरच्या माईककडे बघत, म्हणजे थेट त्याच्या कानात. “कोट हलवतो, ऐकून सांग म्हणालास. आणि मी म्हटलं, स्वच्छ येतंय. खोटं बोलले मी. कापड घासत होतं रे. खूप घासत होतं. ही टाचणी बोलली ते आलं, तुम्ही दोघं हसलात ते आलं. तिचा आवाज कापायचं तर माझं कामच आहे, असं तू म्हणालास, तेही आलं. मी सगळं ऐकलं.”