मांडीवरचं वजन

मशीन चौथ्यांदा बंद पडली.

"आता काय झालं गा हिले?" तुळसामावशी सीटवरून ओरडली. "चांगली तं चालून राहिली होती!"

"तू उडाली मावशी," मी म्हटलं. "खड्डा आला, तू चार बोटं वर गेली. तिले वाटलं माणूस उतरलं. झाली बंद."

"मी कुठं उतरली? मी तं इथंच बसली आहो!"

"तुले माहीत आहे, मले माहीत आहे. तिले नाही ना माहीत."

तिची सून मयुरा ओसरीत उभी होती. ती ओढणी तोंडाला लावून हसली. मावशी नाही हसली. तिनं स्टिअरिंगवर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी, अन् म्हणाली, "परत चालू कर."

नागपूरच्या उमरेड रोडवर तिच्या पोराचं, दुर्गेशचं, लग्नाचं लॉन आहे. एक एकर. मागं यांचं घर, पुढं स्टेज, मधात सगळं गवत. दारातून पाय बाहेर टाकला की गवतातच पडतो. मी सक्करदऱ्याला ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांचं काम करतो. शाळा सातवीपर्यंत झाली, पण बॅटरी हातानं उचलली तरी सांगतो, किती दिवसाची पाहुणी आहे. दुर्गेशनं ही मशीन एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून जुनी उचलली होती. गवत कापायची, बसून चालवायची, बॅटरीवरची. तिच्या मूळच्या बॅटऱ्या मेल्या तेव्हा मीच ई-रिक्षाच्या चार बॅटऱ्या तिच्या पोटात बसवल्या. तेव्हापासून तिचं काही दुखलं की फोन मलाच येतो.

या वेळचं दुखणं दसऱ्याचं होतं. दुर्गेशनं कारची, स्कूटीची पूजा केली, हिचीपण केली. पूजा केली ते बरंच केलं, पण त्याआधी पाइप लावून तिला अशी धुतली की काही विचारू नका. मग हळदीकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. चाबी फिरवली तर ढिम्म. तीन दिवस मी तिचं पोट उघडून उन्हात वाळवलं, मयुराचा केस वाळवायचा ड्रायर मारला, तेव्हा कुठं तिच्यात जीव आला.

तोवर गवत पिंडरीपर्यंत वाढलेलं. माळी पोळ्याला गावी गेला तो आलाच नाही. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होणार, पहिली तारीख बुक झालेली. दुर्गेश वैतागला अन् म्हणाला, उखडून टाकतो सगळं, प्लास्टिकचं गवत अंथरतो. पाणी नको, माळी नको. रविवारी अकरा वाजता माप घ्यायला माणूसही बोलावला.

मावशीनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मशीनवर बसली.

आता यात तिचं काय गेलं ते सांगतो. मावशी तीस वर्षं रामदासपेठेतल्या बंगल्यांचं गवत कापत होती. विळा घेऊन, उकिडवी बसून, बदकासारखी सरकत सरकत. तिचा नवरा देवाजी लकडगंजात धान्याच्या दुकानी मापारी होता, दिवसभर काट्यावर पोती मोजायचा. हे वावर त्याच्या बापाचं. शहर इथपर्यंत आलं, दुर्गेशनं लॉन काढलं, तेव्हा मावशीनं एका हिवाळ्यात हे सगळं एक एकर हरळीनं भरलं. कांडी कांडी रोवून, एका हाताचं अंतर ठेवून. देवाजी मागून पाणी घालत आला. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली. मावशीचे गुडघे त्याच्याही आधी गेले. डॉक्टरनं सांगितलं, खाली बसायचं नाही.

"खाली नाही बसायचं, खुर्चीवर तं बसता येते ना?" ती मला म्हणाली. "मंग हे बी खुर्चीच आहे."

खुर्ची होती, पण तिच्याखाली एक स्विच होता. माणूस बसलं की तो दाबला जातो. माणूस उठलं, पडलं, की पातं जागच्या जागी थांबतं. दुर्गेश चांगला नव्वद किलोचा गडी, त्याच्याखाली तो स्विच कधी हूं की चूं करत नव्हता. मावशी छत्तीस किलो. सपाट जमिनीवर कशीबशी चालायची, खड्डा आला की मशीन म्हणायची, कोणी नाही बसलं.

मी स्विचची स्प्रिंग ढिली करून बघितली. मग मशीन रिकाम्या सीटवरही चालायला लागली. परत घट्ट केली.

दुर्गेश आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "अंकुशभाऊ, काहून एवढा टाइम घालवून राहिले? वायर डायरेक्ट जोडा अन् मोकळे व्हा."

मी डावा हात त्याच्या नाकासमोर धरला. मधलं बोट अर्धं आहे.

"हे कडबा कुट्टीच्या मशीनीत गेलं. तिचा बी स्विच डायरेक्ट केला होता. मीच केला होता."

तो मावशीकडं वळला. "माय, उतर तू. लोक काय म्हणतील, लॉनवाल्यानं म्हाताऱ्या मायले मशीनीवर बसवलं!"

"अन् विळा घेऊन खाली बसली होती तेव्हा काय म्हणत होते लोक?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो. तेव्हा तुह्या शाळेची फी भरायची होती."

मयुरा आत निघून गेली. दुर्गेशचे कान लाल झाले. रागात माणूस बोलतो तसा बोलला, "ठीक आहे. रविवारी अकराले टेपवाला येते. त्याच्या आधी तू एकटीनं पुरं लॉन कापून दाखव. मी त्याले वापस पाठवतो."

"पाठवशीन?"

"पाठवतो."

"अंकुश, तू ऐकलं ना गा?"

मी ऐकलं होतं. एक एकर, थकलेल्या चार बॅटऱ्या, अन् बाई एवढीशी.

मावशी मशीनवरून उतरली, काठी टेकत घरात गेली. बराच वेळ आतून लोखंडाचा खणखणाट येत राहिला. बाहेर आली तेव्हा मयुरा मागून दोन्ही हातांनी काहीतरी धरून आणत होती. देवाजीचं पाच किलोचं लोखंडी वजन. मालकानं काटा बदलला तेव्हा जुनी वजनं तो घरी घेऊन आला होता. पाचाचं, दोनाचं, किलोचं.

"वजनच पाहिजे ना तिले?" मावशी म्हणाली. "मापाऱ्याच्या घरी वजनाची काय कमी आहे!"

मी एकच अट घातली. "सीटले नाही बांधायचं. तुह्या कमरेले बांधायचं. तू पडली तं वजन बी तुह्यासंगं पडलं पाहिजे, तरच पातं थांबन."

"मी नाही पडत."

"मी बी नव्हतो म्हणत, माहं बोट जाईन म्हणून."

तिनं वजन जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं, कमरेला गाठ मारली, मांडीवर घेतलं. चढली. मी चाबी फिरवली. मुद्दाम खड्ड्यावरून न्यायला लावली. मशीन चालत राहिली.

रविवारी मी सकाळी सातला पोचलो. मावशी तयार बसलेली, पण चाबीला हात लावायला तयार नव्हती.

"टाइम चालला मावशी!"

"दव उतरू दे. ओलं गवत कापत नाही, चिपकते."

साडेआठपर्यंत बसून राहिली. मग उठली, पायानं गवत घासून बघितलं, अन् म्हणाली, "चाल."

दुर्गेश सरळ पट्टे मारायचा, टोकाला वळताना अर्धी बॅटरी खायचा. मावशी कडेनं निघाली, गोल गोल आत येत. विळ्यानंपण ती तशीच कापायची म्हणे. गवत जास्त उंच, म्हणून आधी पातं वर ठेवून एक फेर, मग खाली घेऊन दुसरा. हे मी नव्हतं शिकवलं. मांडवाच्या खांबांच्या खड्ड्यांवर ती अशी दात आवळून वजन दाबून धरायची की जसं लेकरू घेऊन बैलगाडीत बसली आहे. तरीही मशीन दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा तिनंच परत चालू केली.

साडेदहाला मधातला पट्टा राहिला होता, अन् पात्याचा आवाज उतरला. मी धावलो.

"बॅटऱ्या बसल्या मावशी. पातं बंद कर. वीस मिनिटं थांबलं तं थोडा जीव येते त्यायच्यात."

"थांबते ना. दम खाऊ दे त्यायले बी."

ती तिथंच सीटवर बसून राहिली, उन्हात, मांडीवर वजन घेऊन. मयुरानं पाणी आणून दिलं. उतर म्हटलं तर नाही म्हणाली. गुडघ्यानं परत चढणं होणार नव्हतं तिच्यानं, हे मला अन् मयुराला, दोघांनाही माहीत होतं.

अकराला पाच कमी असताना टेपवाला आला. शर्ट खोचलेला, हातात पिवळा टेप. "कहाँ से शुरू करना है भैया?"

दुर्गेशनं घड्याळ बघितलं. मग मायकडं बघितलं. पट्टा अजून तसाच होता, आठेक फेऱ्यांचा. मी दुर्गेशच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

"बसा ना," दुर्गेश म्हणाला. "आधी चहा घ्या. मयुरा, चहा ठेव वं!"

टेपवाला ओसरीत बसला. मावशीनं पातं चालू केलं. धापा टाकत मशीन निघाली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. टेपवाल्यानं स्वयंपाकघराकडं मान वळवली.

"काय झालं वं चहाचं?" दुर्गेशनं विचारलं.

"दूध तापून राहिलं," आतून मयुरा म्हणाली. तिच्या गॅसचा आवाजही येत नव्हता.

अकरा पंचवीसला मावशीनं शेवटची फेरी मारली अन् मशीन घराकडं वळवली. बंद नाही केली, मशीन आपोआपच थांबली, घराच्या पायरीपाशी. मग चहा आला.

टेपवाला कप ठेवून उठला. दुर्गेश त्याला गेटकडं घेऊन गेला. "तुमाले उगाच आणलं भाऊ. ते पार्किंगचं मोजून घ्या, तिथं टाकू."

तो परत आला, मग मावशीला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. कमरेची गाठ सुटेना, एवढी आवळली होती. दुर्गेश खाली बसला अन् दातांनी सोडली.

"पाणी नाही टाकायचं हिच्यावर," त्याच्या डोक्यावरून मावशी म्हणाली. "फडक्यानं पुसायची. पुढच्या दसऱ्याले बी."

"हो माय."

सीझन चांगला गेला. मी होळीच्या दोन दिवस आधी बॅटऱ्यांत पाणी टाकायला गेलो. सकाळचे नऊ असतील. मावशी मशीनवर बसून निघायच्या तयारीत होती. गवत बारीक, सारखं, स्टेजपासून पायरीपर्यंत. तिचा चेहरा आणखी बारीक झालेला दिसला. मी म्हटलं, उन्हाळा लागला म्हणून असेल.

मग तिच्या मांडीवर नजर गेली. पाचाच्या वजनावर आता दोनाचंपण बांधलेलं होतं.

तिनं माझी नजर बघितली. लुगड्याचा पदर ओढून वजनांवर घेतला.

"पाणी टाकलं का गा?"

"टाकलं मावशी."

"मंग सरक ना बाजूले. ऊन होऊन राहिलं."

मी बॅटऱ्यांची झाकणं घट्ट केली अन् बाजूला झालो. तिनं चाबी फिरवली. पहिला खड्डा आला तेव्हा तिनं दोन्ही वजनं पोटाशी धरली, अन् मशीन पुढं गेली.