परसातलं ऊन

गवत बसवायला आलेल्या मुनिराजूने हिरव्या गवताची गुंडाळी पायाने ढकलली. दाबून बसवलेल्या दगडाच्या भुकटीवर ती उलगडत गेली आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबली. नीरजा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. शेजारच्या चार मजली इमारतीची सावली नुकतीच मागे सरकली होती आणि ऊन नेमकं त्या गवतावर येऊन पडलं होतं.

“लेव्हल बघा सर,” मुनिराजू कन्नडमध्ये म्हणाला. “आणि उन्हाचं अनवाणी चालू नका. प्लास्टिक आहे, तापतं.”

तिच्या नवऱ्याने, सुमंतने, गुडघे टेकले आणि गाल जवळजवळ जमिनीला लावून एक डोळा मिटला. निवृत्त झाल्यापासून इतका खुशीत तो तिला दिसला नव्हता. गोल्फचं मैदान विमानतळाच्याही पलीकडे. खेळ तासाभराचा आणि ट्रॅफिक दिवसभराचं. म्हणून घरच्या परसात हा तुकडा: नकली गवत, एक खळगा आणि चेंडू हलक्या हाताने त्यात ढकलायचा सराव.

जागा त्याने इंजिनियरसारखीच निवडली होती. कुठे ऊन जास्त वेळ टिकतं ते दिवाळीच्या दिवसांत पाहून ठेवलं, म्हणजे पावसाळ्यात शेवाळ धरणार नाही. तर्क बरोबर होता. फक्त, शेजारची इमारत उठल्यापासून परसात एवढाच उन्हाचा तुकडा उरला होता आणि दर उन्हाळ्यात संडिगे, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, तिथेच वाळत, हे त्याला सुचलं नव्हतं. संडिगे त्याने आयुष्यभर तळलेलेच पाहिले होते.

नीरजाला तरी कुठे सुचलं होतं? कॉलेजात मुलांना रसायनशास्त्र शिकवताना ती नेहमी सांगे, आधी नीट बघा, मग लिहा. त्या तुकड्याचा नकाशा टेबलावर महिनाभर पडला होता. तिने त्यावर चहाचे कप ठेवले होते.

संध्याकाळी तिने त्याला सांगितलं.

“गच्चीवर घाल ना मग,” तो म्हणाला.

“गच्चीवर अक्का कशा चढतील?”

सुमंतने कप खाली ठेवला. अक्का म्हणजे त्याची आई. घरात सगळेच तिला अक्का म्हणत, तोही. एकेक काम तिच्या हातून सुटत गेलं होतं. आधी गॅस, मग बारीक दिसेना म्हणून तांदूळ निवडणं, मग गुडघ्यांमुळे जिने. उरलं होतं ते उन्हाळ्यातलं एक काम. संडिगे वाळत घातले की मागच्या दारात खुर्ची टाकायची, काळं फडकं बांधलेली काठी मांडीवर घ्यायची आणि कावळे राखायचे. त्या दिवसांत अक्का सकाळी स्वतःहून वेणी घालून तयार असे. हाक मारावी लागत नसे.

“काढून टाकायला सांगू का?” सुमंतने विचारलं. तो मनापासून विचारत होता.

नीरजाने त्याच्या गुडघ्यांना चिकटलेल्या हिरव्या तुसांकडे पाहिलं.

“नको. बघू काहीतरी.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर अक्काने विचारलं, “कोहळा आणलास का गं?”

“यंदा विकतचेच आणू या का, अक्का? चांगले मिळतात हल्ली.”

“विकतच्यात हिंग नसतो.”

“अक्का, ती जागा आता—” सुमंत म्हणाला.

“बघितलं मी. आंधळी झाले नाही अजून.”

चौकट धरून ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली. बराच वेळ त्या हिरव्या रंगाकडे पाहत राहिली. नीरजाने पदराला हात पुसले. ते कोरडेच होते. मग अक्काने वाकून गवतावर तळवा टेकला आणि लगेच उचलला.

“तापलंय की रे.”

“प्लास्टिक आहे ना.”

“इथली फरशी एवढी कधी तापली नाही.” तिने तळवा पाहिला. “दोन दिवसांत वाळतील. उद्या पहाटे चीक शिजव, नीरजा. आणि तू, पायातलं काढ. खायचं घालणार तिथे.”

“हे गोल्फचे बूट आहेत, अक्का. यासाठीच घेतलेत.”

“सरी, असू देत. बूटच ना?”

पहाटे नीरजाने कोहळ्याचा कीस घालून तांदळाच्या पिठाचा चीक शिजवला. ओलं केलेलं जुनं धोतर गवतावर पसरलं आणि चमच्याने संडिगे घालत गेली. खळग्याकडे जाणारी चिंचोळी पट्टी तेवढी तिने मोकळी सोडली. अक्का आधीच खुर्चीत होती, वेणी घालून.

ऊन चढल्यावर सुमंतला राहवेना. तो अनवाणी त्या पट्टीवर उभा राहिला आणि एकदा या पायावर, एकदा त्या पायावर करत चेंडू ढकलला. चेंडू सरळ निघाला, मग वाकून धोतराच्या काठाशी थांबला.

“संडिग्याला लागला तर बघ,” अक्का म्हणाली. “डावीकडे उतार आहे तिथे.”

“नाही अक्का, लेव्हल आहे. मशीन लावून बघितलंय.”

“पावसाचं पाणी जन्मभर त्याच बाजूला जातंय.”

त्याने पुन्हा ढकलला. चेंडू पुन्हा डावीकडे गेला. अक्काने काठी हलवली. कावळ्यासाठी की त्याच्यासाठी, ते नीरजाला खिडकीतून कळलं नाही.

“सकाळी खेळ नाहीतर संध्याकाळी. दुपारी कशाला नाचतोस त्याच्यावर? दुपार माझी.”

तो घरात आला आणि पाय बादलीत घालून बसला.

उन्हं भिंतीवर गेली तशी नीरजाने धोतर चारी कोपरे धरून उचललं. संडिगे वरून कडक झाले होते. धोतर उचललं की काम संपलं, अक्का उठून आत येई आणि दिवा लागेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राही. असंच होतं दर वर्षी. ती आली नाही, म्हणून नीरजा दारापाशी गेली.

सुमंत अनवाणी उभा होता, या वेळी खळग्याच्या बराच उजवीकडे नेम धरून. चेंडू सावकाश वळला, काठावर क्षणभर डगमगला आणि आत पडला. तो मागे वळून हसला.

“चला अक्का, आत येताय ना?” नीरजा म्हणाली. “काढलं सगळं.”

“स्वल्प थांब.” अक्काने काठीच्या टोकाने दाखवलं. “त्याचे दोन चेंडू राहिलेत अजून.”